मोघम माफी चालत नाही

एक ऑक्टोबर, बुधवार, दुपारचे पावणेचार. गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेत होते. मी कारखान्यात स्टोअर सांभाळते. त्या दिवशी सकाळी यंत्रांची पूजा झाली, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवून बाराला सगळ्यांना सोडलं. मोकळी दुपार हाताशी आली की सोसायटीच्या सेक्रेटरीनं टाकी धुवायची असते, हे मला सांगावं लागत नाही. दोन माणसं आत उतरून घासत होती, मी वरून टॉर्च धरून उभी होते, आणि जिन्यातून एझ्रा सासवणेकर वर आले.

"सेक्रेटरीबाई," ते धापा टाकत म्हणाले, "मी आता तुम्हाला थोडं कडक बोलणार आहे. त्याची माफी आधीच मागून ठेवतो. केलंत?"

"काय केलं?"

"माफ."

"केलं," मी म्हटलं. हातात टॉर्च असताना मी वाद घालत नाही.

"मग ऐका. वर्षाचे सगळे दिवस सोडून आजच टाकी रिकामी करायची अक्कल तुम्हाला कुणी दिली? सूर्य मावळायच्या आत मला आंघोळ करायची आहे. गार पाण्यानं आणि गरम पाण्यानं, दोन्ही."

एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि झालं. राग संपला. आगाऊ माफी मागून मग रागावणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिलाय.

सासवणेकर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. मूळ गाव अलिबागकडचं, बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी, घरात मासे आमच्यापेक्षा जास्त. वय बहात्तर. तारापूरच्या एमआयडीसीत एका सळ्या काढणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस होते. सरावलीत आमची सोसायटी उभी राहिली तेव्हापासून ते माझ्या शेजारी आहेत, भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको हन्नाकाकू जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी रिबेका पुण्याला असते. दरवाजाच्या चौकटीला तिरपी पितळी डबी लावलेली आहे, तिला येता-जाता हात लावून ते बोटं ओठांना टेकवतात. नवीन आलेल्या प्रत्येक भाडेकरूला ती इलेक्ट्रिकची वाटते.

तपासनीस निवृत्त झाला तरी तपासणी थांबलेली नाही. त्यांचं एक वाक्य सगळ्या सरावलीला पाठ आहे, "आधी शून्य बघा." भाजीवालीनं काटा पुढे केला की भाजी ठेवायच्या आधी हे वाकून रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघतात. डॉक्टरांच्या वजनकाट्यावर चढायच्या आधी तो बघतात. एकदा माझ्या नातीला ताप होता, मी थर्मामीटर लावला, तर हे भिंतीपलीकडून ओरडले, झटकून घेतलात का, आधी खाली आणा. आमच्याकडच्या भिंती पातळ आहेत.

दुसरं वाक्य, "मोघम नको." नळवाल्याला 'उद्या येतो' म्हणायची सोय नाही. उद्या किती वाजता, सकाळी की दुपारी, वायसर घेऊन की नुसता बघायला.

ह्या दोन वाक्यांच्या जोरावर ते वर्षातून एकदा आमची सोसायटी पेटवून देतात.

त्यांच्यात दरफाळणीचा सण असतो. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी दार बंद करायचं ते दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर उघडायचं. मधल्या वेळात अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. पांढरे कपडे घालून देवाची प्रार्थना करायची आणि वर्षभराच्या चुका कबूल करायच्या. पूर्वी ते ठाण्याला जायचे, त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एकदा त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं, की आपल्या सोसायटीत दहा पुरुष एका वेळी एका ठिकाणी फक्त पाणी गेल्यावर जमतात. आता गुडघ्यामुळे घरीच करतात.

सण त्यांचा, दार त्यांचं, उपास त्यांचा. आमची काहीच तक्रार नसती. पण देवाकडे माफी मागायच्या आधी माणसांकडे मागावी लागते. देवाच्या बाबतीत केलेल्या चुका देव माफ करतो, माणसाच्या बाबतीत केलेल्या त्या माणसालाच कराव्या लागतात. तेव्हा सणाच्या आधीचे दहा दिवस सासवणेकर एकेक दार वाजवत फिरतात. आणि माफी मोघम चालत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या शेलारबाईंकडे ते गेले. हात जोडून म्हणाले, होळीला तुम्ही पुरणपोळी पाठवलीत, मी छान झाली म्हणालो, ते खोटं होतं. कडक होती. मी वॉचमनला दिली, त्यानं कुत्र्याला दिली. मला माफ करा. शेलारबाईंना ह्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. सहा महिने त्या बाई सुखात होत्या.

तळमजल्यावर उत्तर प्रदेशचे दोघे भाऊ राहतात, कपड्याच्या कारखान्यात आहेत. त्यांना ह्यांनी हिंदीत सांगितलं, "हमने आपको ढाई महिना चोर समझा था." मोठा भाऊ घाबरला. "चाचा, क्या चोरी हुआ?" सासवणेकर म्हणाले, "कुछ नहीं. सिर्फ समझा था." ते दोघे रात्रभर विचार करत बसले आणि सकाळी माझ्याकडे आले, घर बदलायचं का विचारायला.

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना तर त्यांनी बायकोदेखतच सांगितलं, की तुम्ही बंद पंपहाउसच्या मागे सिगारेट ओढता हे मी पाहिलं आणि तुमच्या मिसेसना सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. नुसतं मनात आलं होतं, सांगितलं नाही, तरी मनात आल्याबद्दल क्षमा असावी. त्या घरात पुढचे चार दिवस काय झालं ते सेक्रेटरी म्हणून मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही.

मलाही सोडलेलं नाही. म्हणाले, वार्षिक सभेत तुम्ही बोलत होतात तेव्हा मी डोळे मिटले होते, तुम्हाला वाटलं मी विचार करतोय, मी झोपलो होतो. दोन वर्षं सलग.

ह्यावर 'असू द्या हो काका' म्हणून सुटका होत नाही. "असू द्या हे उत्तर नाही. माफ केलं की नाही केलं? एक काहीतरी सांगा." एखाद्याने 'नाही' म्हटलं, तर ते परत येतात. एकूण तीनदा. तिसऱ्यांदाही समोरच्यानं नकार दिला तर त्यांच्या नियमाप्रमाणे मागणारा सुटला, ओझं नकार देणाऱ्याच्या डोक्यावर. शेलारबाईंनी दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा दार उघडायच्या आधीच आतून ओरडल्या, "केलं हो माफ, जा आता."

तर त्या दिवशी गच्चीवर मी त्यांना सांगितलं, पाच वाजेपर्यंत पाणी सुरू होईल. म्हटलं, मोघम नाही, पाच. ते गेले नाहीत. कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, रिक्षा मिळत नाहीये. सगळ्या रिक्षा उद्याच्या पूजेसाठी धुवायला काढल्यात. नाक्यावर बारा उभ्या आहेत आणि एकही यायला तयार नाही, ओल्या आहेत म्हणतात.

"कुठं जायचंय?"

"चिंचणीला. सहाच्या आत परत."

हे मला माहीत होतं. दरवर्षी सणाच्या आदल्या दुपारी ते हलव्याचा डबा घेऊन चिंचणीला जातात. कुणीतरी जुना कारखान्यातला माणूस आहे, एवढंच ठाऊक होतं. म्हटलं, पुढच्या वर्षी जा लवकर, यंदा राहू दे.

"पुढच्या वर्षी मी इथं कुठं असणार?" ते म्हणाले.

ते खरं होतं. पावसाळ्यात ते न्हाणीघरात पडले होते. आतून कडी. भिंत पातळ म्हणून मला ऐकू आलं, दार फोडून बाहेर काढलं. रिबेकानं त्याच दिवशी ठरवलं, दिवाळी झाली की बाबा पुण्याला, कायमचे. घर विकायला काढायचं बोलणंही झालं होतं. मला ते पटलेलं होतं. एकट्या म्हाताऱ्या माणसानं भिंत पातळ असण्यावर विसंबून राहू नये.

मी टॉर्च टाकी धुणाऱ्यांच्या हातात दिला आणि स्कूटर काढली.

बहात्तर वर्षांचा माणूस मागे, त्याच्या मांडीवर स्टीलचा डबा, आणि तो दर खड्ड्याला "डावीकडून घ्या" म्हणणारा. परनाळी येईपर्यंत मी चारदा म्हटलं की गाडी मी चालवतेय. त्यांनी चारदा माफी मागितली आणि पाचव्यांदा डावीकडून घ्यायला सांगितलं. कुरगावच्या पुढे रस्ता जरा बरा झाला आणि ते बोलायला लागले. पाठीमागून बोलत होते म्हणून बोलता आलं असावं.

चिंचणीचा माणूस म्हणजे काशिनाथ. कारखान्यात सळ्या ओढायच्या मशीनवर होता. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रात्रपाळीचा सगळा माल सासवणेकरांनी मोजला, जाडीत कमी भरला, त्यांनी तो नापास केला. मशीनवर काशिनाथ. आधी दोनदा डुलक्या काढताना सापडलेला. वरच्यांनी विचारलं, तपासनिसांनी लिहून दिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. काशिनाथला काढून टाकलं. तो ओरडत होता की माल बरोबर आहे, परत मोजा. मोजला नाही.

"मग?"

"तीन महिन्यांनी माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर तपासणीला गेला. त्याचं शून्य हललेलं होतं. चार शंभरांश मिलिमीटर. माल बरोबर होता."

मी गाडी हळू केली. विचारलं, मग सांगितलं का कुणाला?

"मायक्रोमीटर दुरुस्त करून घेतला," ते म्हणाले. "आणि गप्प बसलो."

हन्नाकाकूंना त्यांनी हे त्या शेवटच्या आजारात सांगितलं. काकू म्हणाल्या, मला कशाला सांगता, ज्याला सांगायचं त्याला सांगा. त्यानंतर दरवर्षी जातायत. अकरा वर्षं.

माझ्या डोक्यात आकडा लगेच बसला. "तीन नकार झाले की सुटलात ना तुम्ही? अकरा वर्षांत तर कधीच सुटायला हवं होतं."

"झालेत कुठं तीन? दोनच झालेत."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पहिल्या वर्षी काशिनाथनं दारातूनच हाकललं, तो पहिला नकार, स्वच्छ. दुसऱ्या वर्षी आत घेतलं आणि नाही म्हणाला, तोही स्वच्छ. तिसऱ्या वर्षी नाही म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात पान होतं. तोंडात काही असताना दिलेलं उत्तर धरता येत नाही. चौथ्या वर्षी त्याला ताप होता, तापातला नकार बाद. पाचव्या वर्षी सासवणेकरांनी स्वतःच खुर्चीत बसून विचारलं, उभं राहून विचारायला हवं होतं. सहाव्या वर्षी परत पान. एका वर्षी दारावरून वरात चालली होती. एका वर्षी काशिनाथ हसत हसत नाही म्हणाला.

"आणि हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, पान असलं तर धरायचं नाही म्हणून?"

मी स्कूटरच्या आरशात बघितलं, पण आरशात मला डबाच दिसला.

"यंदा मात्र जे उत्तर येईल ते धरायचं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "हो आलं तरी संपलं, नाही आलं तरी संपलं. पुण्याचं त्याला काही सांगू नका."

चिंचणीत शिरल्यावर उजवीकडे दोन वळणं घेतली. घर बैठं, पुढे ओटा, अंगणात बोंबील वाळत घातलेले. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक काळासावळा, रुंद खांद्यांचा म्हातारा बसला होता. अंगात घडीचा नवा सदरा, अजून इस्त्रीच्या रेघा मोडलेल्या नव्हत्या. आम्ही दिसताच त्यानं मान फिरवून समुद्राकडे बघायला सुरुवात केली.

त्याची सून बाहेर आली. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देताना हळूच म्हणाली, "बाबा सकालपासून चार वेला रस्त्यावर जाऊन आले. गुडगा दुकतो तरी ऐकत नाय."

"कोण आलाय?" काशिनाथनं समुद्राला विचारलं.

"मी, एझ्रा."

"उशीर केलास साहेब. मी झोपायला चाललो होतो."

दुपारचे साडेचार वाजले होते.

डबा उघडला. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात शिजवलेला हलवा, काकू करायच्या तसा. हे आता स्वतः करतात आणि दरवर्षी माझं पातेलं जाळून परत करतात. काशिनाथनं एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात घेऊन म्हणाला, गोड कमी हाय. सासवणेकर म्हणाले, मागच्या वर्षी जास्त म्हणालास म्हणून कमी केला. काशिनाथ म्हणाला, मागल्या वर्साला जास्त नव्हता, जळका होता. पंधरा मिनिटं हलव्यावर गेली. मग गुडघ्यांवर. कुणाचा जास्त दुखतो ह्यावर दोघं हमरीतुमरीवर आले. काशिनाथनं पाय सरळ करून दाखवला, सासवणेकरांनी पँट वर करून सूज दाखवली. सुनेनं चहा आणला तो गार झाला. हलव्यानंतर काशिनाथनं पानाचा डबा ओढला आणि सावकाश पान लावून तोंडात घातलं. घालताना त्यानं सासवणेकरांकडे एकदा बघून घेतलं, ते मी पाहिलं.

मी घड्याळ दाखवलं. सव्वापाच.

सासवणेकर उठले. खिशातून गोल टोपी काढून डोक्यावर ठेवली. खुर्चीची पाठ सोडली आणि कशाचाही आधार न घेता उभे राहिले.

"काशिनाथ, माल बरोबर होता. माझ्या मापाचं शून्य हललेलं होतं. मी न तपासता तुझ्यावर लिहून दिलं, तुझी नोकरी गेली. मला तीन महिन्यांनी कळलं आणि मी गप्प बसलो. मला माफ कर."

एवढी मोघम नसलेली माफी मी कधी ऐकली नव्हती. सून दारात थांबली होती, ती आत गेली.

"नाय करत," काशिनाथ म्हणाला.

"बरं," सासवणेकर म्हणाले. "धरला." टोपी काढून घडी घातली, खिशात ठेवली, आणि चपला शोधायला लागले.

काशिनाथला काही कळेना. "धरला म्हंजे?"

"तिसरा नकार. धरला."

"अरे पान हाय ना माझ्या तोंडात," काशिनाथनं तोंड उघडून दाखवलं. "हे बघ. बघ की."

"पान चालेल यंदा."

"चालेल कसा? इतकी वर्सं चालला नाय, आता चालेल?" तो माझ्याकडे वळला. "बाय, तू सांग याला. पान असलं तर मोजत नाय. यानंच ठरवलाय."

सासवणेकरांना एक चप्पल सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. ती माझ्या पायाशी होती. त्यांनी मला पुण्याचं बोलू नका सांगितलं होतं. पण दोन म्हाताऱ्यांनी अकरा वर्षं घोळ घातला होता आणि सूर्य मावळायला तासभर होता, आणि त्यातला अर्धा तास रस्त्यात जाणार होता. मी सांगितलं, काका दिवाळीनंतर पुण्याला चाललेत मुलीकडे, कायमचे, पुढच्या वर्षी यायचे नाहीत.

सासवणेकरांनी माझ्याकडे जे बघितलं त्याची त्यांनी अजून माफी मागितलेली नाही.

काशिनाथ खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला, घरात गेला. आत मोरीत चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. ओल्या तोंडानं तो बाहेर आला आणि चौकटीला धरून उभा राहिला. मग चौकटही सोडली.

"आता विचार," तो म्हणाला. "परत सगला बोल."

सासवणेकरांनी टोपी पुन्हा खिशातून काढली, घातली आणि सगळं परत सांगितलं. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती.

काशिनाथनं बराच वेळ घेतला. तो काही नाटक करत नव्हता. खरंच आत कुठंतरी जाऊन शोधत होता, आणि तिथं अजून बरंच काही होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. नोकरी गेली तेव्हा पोरांची शाळा सुटली होती, हे मला नंतर सुनेनं सांगितलं.

"दोन गोष्टी हायेत," तो म्हणाला. "लिवून दिलास, ती एक. तवा तुला पन ठाव नव्हता. ती माफ केली. केली म्हंजे केली. पन कलल्यावर गप बसलास, ती दुसरी. ती नाय केली."

"दोन वेगळ्या," सासवणेकर हळू म्हणाले.

"तूच ना म्हनतोस, मोघम नको."

"बरोबर आहे. मी दोन्ही एकत्र धरत होतो. चूक माझी." ते विचारात पडले, अगदी कारखान्यात पडत असतील तसे. "मग दुसरीची मोजणी पहिल्यापासून करावी लागेल. आजचा हा पहिला नकार."

"मंग? पुन्यावरनं गाडी नाय काय?"

"आहे."

"मंग ये. आनि हलव्यात साकर टाक."

मी दुसरी चप्पल त्यांच्या पायाकडे सरकवली.

परत येताना त्यांनी एकदाही डावीकडून घ्या म्हटलं नाही. मी तीन खड्ड्यांतून गाडी घातली तरी नाही. परनाळीजवळ म्हणाले, "कमीत कमी तीन वर्षं लागतील." मी म्हटलं, पान असलं तर जास्त. ते म्हणाले, हो, ते धरायला हवं. मग माझ्या पाठीला कपाळ लागल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, झोपू नका, पडाल. ते म्हणाले, झोपलो नाही. मी पुढे काही विचारलं नाही, समोर ट्रक होता.

सहाला पाच कमी असताना पोचलो. पाणी अजून आलेलं नव्हतं. पाच म्हणून मी सांगितलं होतं आणि टाकीचा पंप बंद पडला होता, ह्याबद्दल मला जे ऐकावं लागलं असतं ते वाचलं, कारण त्यांच्या दाराशी दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. एक गार, एकीतून वाफ येत होती. गरम बादलीच्या कडीला चिठ्ठी बांधली होती, शेलारबाईंच्या अक्षरात, 'पुरणपोळी कडक नव्हती.'

सासवणेकरांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि बादल्या आत ओढल्या. मी हात लावायला गेले तर नको म्हणाले. वीस मिनिटांनी पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात दारात आले, ओले केस मागे फिरवलेले. रस्त्याच्या बाजूला आकाश तांबूस झालं होतं. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे माझं काही राहिलंय का. मी म्हटलं, पातेलं. ते म्हणाले, आणलंय नवीन, उद्या रात्री देतो. मग त्यांनी दार लावलं. आतली कडी मात्र घातली नाही, पावसाळ्यापासून घालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. पहाटे साडेपाचला उठले आणि तोंड धुवायच्या आधी रिबेकाला मेसेज लिहिला. तिचाही उपास, फोन बंद, तारे दिसल्याशिवाय ती बघणार नाही हे माहीत होतं, पण मी गोष्टी डोक्यात ठेवून दिवसभर फिरत नाही. लिहिलं की बाबांना पुण्याला ने, तेच बरोबर आहे, ह्या घरी ते एकटे राहू शकत नाहीत. मात्र दरवर्षी ह्या सणाच्या आधी आठ दिवस त्यांना माझ्याकडे पाठवायचं, माझी पुढची खोली रिकामीच असते. चिंचणीला त्यांचं एक काम आहे, ते अर्धं झालंय. कसलं काम म्हणून ती विचारेल. ते त्यांनी सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, मी सांगणार नाही.

पाठवला, आणि पिशवी घेऊन फुलं आणायला बाजारात गेले.